आश्वासन दिलं खरं, पण सही कुणाची लागते?

परवा बेळगावच्या वडगावात काकूंकडं गेलो होतो, तर चहा ठेवायच्या आधीच त्यांनी लाईट बिल हातात दिलं. "बघ की रे जरा, दोनशे युनिट फुकट म्हणून सांगितलेले, माझे एकशे एकतीसच झालेत, तरी पैसे कशाचे आलेत?" बिल कन्नडमध्ये. काकूंना कन्नड बोलता येतं, बाजारात भांडताही येतं, पण वाचता येत नाही, त्यामुळं दर महिन्याला तो कागद कॅलेंडरच्या खिळ्याला टोचला जातो आणि जे काय आलंय ते भरून टाकायचं एवढंच. मी खिळ्यावरची जुनी बिलं काढली आणि आम्ही दोघं फरशीवर बसून एकेक ओळ लावत गेलो.

गोष्ट अशी आहे. २०२३च्या कर्नाटक विधानसभेला काँग्रेसनं ज्या पाच गॅरंट्या दिल्या त्यातली एक गृहज्योती, म्हणजे घरगुती २०० युनिट वीज मोफत. सरकार आलं, योजना त्याच वर्षी लागूही झाली. पण जो आदेश निघाला त्यात २०० हा आकडा सगळ्यांना मिळणारा कोटा नव्हता, ती वरची मर्यादा होती. तुमच्या घराचा कोटा म्हणजे २०२२-२३ मध्ये महिन्याला सरासरी जेवढी वीज वापरली तेवढी, अधिक १० टक्के. काकूंची त्या वर्षीची सरासरी ८४ होती, तेव्हा काकू एकट्याच राहायच्या. म्हणजे कोटा ९०च्या थोडा वर. आता मुलगा-सून पुण्याहून परत आलेत, फ्रिज मोठा आला, वापर १३१वर गेला, वरच्या चाळीसेक युनिटचे पैसे भरायचे. आणि २००च्या एक युनिट जरी वर गेलं तर सवलत नाही, अख्खं बिल भरायचं.

मग काकूंचा पुढचा प्रश्न आला, जो सगळ्यांचाच असतो. "म्हणजे फसवलं की काय?"

मला वाटतं नाही, फसवलं असं म्हणता येणार नाही, लाखो घरांची बिलं खरोखर शून्य झालीत आणि ती मोठी गोष्ट आहे. पण पोस्टरवर जे लिहिलं होतं आणि आदेशात जे आलं त्यात फरक आहे, आणि तो फरक मत द्यायच्या आधी कुणी विचारला नाही. आपण नंतर फक्त "दिलं का नाही दिलं" एवढंच बघतो, आणि वीज, पाणी, जंगल अशा विषयात हे बघणं फार अपुरं पडतं. कारण या विषयातली बरीचशी आश्वासनं देणाऱ्याच्या एकट्याच्या हातातच नसतात. म्हणून मी अलीकडं कुठलंही आश्वासन ऐकलं की आधी एकच गोष्ट शोधतो, हे व्हायला शेवटची सही कुणाची लागते?

विजेचा दर घ्या. कर्नाटकात विजेचा दर ना मुख्यमंत्री ठरवतात ना ऊर्जामंत्री, तो ठरवते केईआरसी, म्हणजे कर्नाटक विद्युत नियामक आयोग. आपल्याकडची वीज कंपनी हेस्कॉम त्यांच्यासमोर हिशोब मांडते, एवढा खर्च आला एवढा दर वाढवून द्या, लोकांच्या हरकती घेतल्या जातात, सुनावणी होते आणि मग आयोग आदेश काढतो. २००३च्या वीज कायद्यात हे असंच ठरवलंय. आता २०२३च्या तारखा बघा. मतदान १० मे, दरवाढीचा आदेश १२ मे, निकाल १३ मे. युनिटला सरासरी ७० पैसे वाढ आणि ती पण १ एप्रिलपासून लागू. जूनमध्ये वाढीव बिलं हातात पडली तेव्हा नवं सरकार बसलेलं होतं, बेळगावात उद्योजक-व्यापारी रस्त्यावर उतरले, उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना तर वीज म्हणजे कच्च्या मालासारखीच असते, त्यांचं गणितच बिघडलं. नवे म्हणाले हे आमच्या आधीचं आहे, जुने म्हणाले तुमच्या काळात बिल आलंय. आणि आदेश काढणारं आयोग ही तिसरीच संस्था आहे हे फारच थोड्या लोकांच्या बोलण्यात होतं.

तर मग सरकारच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि खूप आहे. त्याच कायद्याचं ६५ वं कलम सांगतं की सरकारला कुणाला स्वस्त किंवा मोफत वीज द्यायची असेल तर ती रक्कम सरकारनं वीज कंपनीला आगाऊ द्यायची. म्हणजे मोफत विजेचं आश्वासन हे खरं तर बजेटचं आश्वासन आहे. २०२५-२६च्या बजेटमध्ये गृहज्योतीला १०,१०० कोटी ठेवले, पाचही गॅरंट्या मिळून ५१,०३४ कोटी. हा आकडा दरवर्षी बजेटमध्ये छापून येतो, पेपरात येतो, आणि पैसे खरोखर कंपनीकडं पोचतात का हे आयोगाच्या आदेशात कळतं. पैसे वेळेवर पोचले नाहीत तर कंपनी कर्ज काढते, आणि कर्जाचं ओझं शेवटी दरात येतं, म्हणजे काकूंच्या त्या चाळीसेक युनिटमध्ये येतं.

बिलात अजून एक ओळ होती, काकूंनी बोट ठेवून विचारलं हे काय. ती होती वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठीची वसुली, १ एप्रिल २०२५पासून सुरू झालेली, पहिल्या वर्षी युनिटला ३६ पैसे. ही कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हती आणि असणारही नव्हती. पण निवडणुकीत "दर वाढवणार नाही" म्हणणाऱ्याला हे विचारता येतं, की बाबा युनिटचा दर नाही वाढवला पण फिक्स्ड चार्ज, इंधन समायोजन, पेन्शन हे सगळं धरून बिल वाढवणार नाहीस का? तिथं माणूस अडखळला तर समजायचं त्यानं बिल कधी वाचलेलं नाही.

पंपाच्या विजेचं पण असंच. निपाणीकडच्या आमच्या पाहुण्यांची शेती अर्धी इकडं आणि अर्धी महाराष्ट्रातल्या कागल बाजूला, लग्नकार्यात भेटले की दोन्ही सरकारांची तुलना सुरू. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत, महाराष्ट्रानं २०२४मध्ये साडेसात एचपीपर्यंत मोफत केली. ऐकायला इकडचं मोठं. पण दाजींचं म्हणणं साधं होतं, "फुकट आहे ते ठीक, पण थ्री फेज येते किती वाजता?" २०२३ला पाऊस कमी झाला, राज्यात विजेचा तुटवडा पडला, पंपाची वीज सात तासांवरून पाच तासांवर आली, मग ओरड झाल्यावर पुन्हा सात तासांचं जाहीर झालं. उसाला पाणी द्यायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन शिवारात जाणाऱ्या माणसाला मोफतपेक्षा दिवसाची वीज जास्त मोलाची आहे, साप-विंचवाची भीती असते, टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला तर आठवडा जातो. म्हणून शेतीच्या विजेचं आश्वासन पैशात मोजू नये, तासांत मोजावं. किती तास, दिवसा का रात्री, आणि टीसी जळाल्यावर किती दिवसांत बदलून देणार. हे लिहून घेता येतं आणि पुढच्या वर्षी तपासताही येतं.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती इथंच सांगतो. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्रानं पीएम सूर्यघर आणली, छपरावर ३ किलोवॅट सोलर बसवलं तर ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी. चांगली योजना आहे. पण ज्या घराचं बिल गृहज्योतीत शून्य येतंय ते घर स्वतःच्या खिशातले वरचे पैसे घालून सोलर कशाला बसवेल? दोन सरकारं, दोन चांगल्या घोषणा, आणि एक दुसरीच्या पायात येते. प्रचाराला येणारा केंद्रातल्या पक्षाचा असो नाहीतर राज्यातल्या, त्याला हे विचारायला पाहिजे की तुमची योजना समोरच्याच्या योजनेबरोबर एकाच घरात कशी नांदणार. मी आजवर हा प्रश्न कुठल्या सभेत ऐकला नाही.

आता म्हादई. बेळगाव, धारवाड, गदग या पट्ट्यात गेली कितीतरी वर्षं एकही निवडणूक कळसा-भांडुरा शिवाय झाली नाही. आणि सही कुणाची हा प्रश्न इथंच सगळ्यात जास्त कामाला येतो.

म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. कणकुंबीच्या बाजूला मलप्रभेचा उगम, आणि तिथंच जवळ कळसा नाला म्हादईकडं जाणारा. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी वळवून मलप्रभेत टाकायचं, हुबळी-धारवाडला प्यायला द्यायचं, अशी ती योजना. गोव्याचा विरोध. २०१०मध्ये लवाद नेमला, १४ ऑगस्ट २०१८ला निकाल आला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. हा आकडा भाषणात जोरात येतो. पण फोडून बघा, त्यातले ८.०२ जलविद्युतसाठी, १.५ त्याच खोऱ्यात वापरायला, आणि मलप्रभेत वळवायला फक्त ३.९, म्हणजे कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८.

यातली भाषणं कशी झाली तेही आठवा. डिसेंबर २०१७मध्ये, विधानसभेला पाचच महिने असताना, हुबळीच्या सभेत भाजपच्या येडियुराप्पांनी गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री पर्रीकरांचं पत्र वाचून दाखवलं, की पिण्याच्या पाण्याबद्दल तत्त्वतः बोलायला तयार आहोत. टाळ्या पडल्या. पण तेव्हा प्रकरण लवादापुढं होतं, आणि एका मुख्यमंत्र्याच्या पत्रानं लवादाचं काम थांबत नाही. मग फेब्रुवारी २०२०मध्ये निकाल केंद्राच्या राजपत्रात आला. २९ डिसेंबर २०२२ला आपल्याच सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन चालू असताना मुख्यमंत्री बोम्मईंनी सांगितलं की केंद्रीय जल आयोगानं डीपीआर मंजूर केला, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल. पुन्हा पेढे. निवडणूक पुन्हा पाच महिन्यांच्या आत.

पण डीपीआर मंजूर म्हणजे काम सुरू नव्हे. त्यानंतर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते कारण जमीन जंगलाची, वन्यजीव मंडळाची लागते कारण भीमगड अभयारण्य शेजारी आहे आणि वाघांचा जायचा-यायचा पट्टा आहे. आणि जानेवारी २०२३मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव अधिकाऱ्यांनी वन्यजीव कायद्याच्या २९व्या कलमाखाली नोटीस काढली, कारण ते कलम सांगतं की अभयारण्यात येणारं पाणी परवानगीशिवाय अडवता किंवा वळवता येत नाही. शिवाय सुप्रीम कोर्टात केस आहेच. एवढ्या सह्या. यातली शेवटची कुठलीच बेंगळुरूत बसलेल्या माणसाची नाही.

म्हणून कुणी म्हटलं "निवडून द्या, वर्षात म्हादईचं पाणी आणतो", तर तो माणूस आपल्याला पूर्ण माहिती देत नाहीये, पक्ष कुठलाही असो. आणि उलटंही खरं आहे, पाणी आलं नाही म्हणून सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणंही बरोबर नाही. बघायचं ते वेगळंच. वनखात्याकडं अर्ज कधी गेला, किती एकरांचा, झाडं किती, त्रुटी काढून परत आला तर दुरुस्त करून किती दिवसांत पाठवला. हे अर्ज केंद्राच्या परिवेश नावाच्या वेबसाईटवर कुणालाही बघता येतात. आणि खानापूरच्या जंगलाचं काय होणार, हे पाणी हुबळीला जाणार पण झाडं आमची तुटणार, मलप्रभेचा स्वतःचा उगम आटला तर काय, हे बेळगावातलेच पर्यावरणवाले विचारतायत, त्याचं उत्तर उमेदवारानं द्यायला पाहिजे. मला स्वतःला वाटतं की आधी मलप्रभेचं खोरं आणि खानापूरचं जंगल जपायचं काय ते सांगा आणि मग वळवायचं बोला. हे माझं मत झालं, तुमचं वेगळं असू शकतं.

खानापुरातच दुसरं एक आश्वासन फिरतं, पश्चिम घाट जपण्यासाठीचा कस्तुरीरंगन अहवाल लागू होऊ देणार नाही. यावर दोन्ही मोठे पक्ष एकाच बाजूला आहेत. केंद्रानं ३१ जुलै २०२४ला पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला, सहा राज्यांत मिळून ५६ हजारांवर चौरस किलोमीटर, त्यातले २० हजारांवर कर्नाटकात, खानापूरची गावंही त्यात. सप्टेंबरमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं तो फेटाळला, आधीच्या भाजप सरकारचाही विरोधच होता. पण हा मसुदा १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र काढतं. राज्य नको म्हणून कळवू शकतं, त्या नकाराला वजनही असतं, पण शेवटची सही दिल्लीची.

आणि लोकांना भीती काय घातली जाते, घर बांधता येणार नाही, गाव उठवणार. मसुद्यात बंदी कशावर आहे, तर खाणी, दगड आणि वाळू काढणं, नवीन औष्णिक वीज प्रकल्प, रेड कॅटेगरीतले म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे उद्योग, २०,००० चौरस मीटरच्या वरची बांधकामं. घराच्या दुरुस्तीवर बंदी नाही, शेतीवर नाही. आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली या गावांचं दुखणं दुसरंच आहे. रस्ता नाही, पावसाळ्यात पूल नाही, २०२४च्या पावसात आमगावच्या आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडं बांधून खांद्यावर घेऊन चिखलातून आणलं, ते फोटो सगळ्यांनी बघितले. ही गावं भीमगड अभयारण्यात आहेत, अभयारण्य २०११मध्येच जाहीर झालंय. तिथं रस्ता आणि विजेची लाईन अडते ती १९७२चा वन्यजीव कायदा आणि १९८०चा वन कायदा यांच्यामुळं. कस्तुरीरंगन उद्या कचऱ्यात गेला तरी आमगावचा रस्ता एक फूट पुढं सरकणार नाही. मग आमगावला जाऊन कस्तुरीरंगनवर भाषण करणाऱ्याला एवढंच विचारा, की रस्त्याच्या परवानगीचा अर्ज कुठं आहे, आणि ज्या कुटुंबांना पुनर्वसन पाहिजे त्यांना पैसे आणि जमीन कधी, आणि ज्यांना नको त्यांचं काय.

जाहीरनाम्यात खोटं आलं तर कोर्टात जाता येतं का, असं बरेच जण विचारतात. २०१३मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जाहीरनाम्यातलं आश्वासन हा कायद्याच्या भाषेत भ्रष्ट व्यवहार ठरत नाही. पण त्याच निकालानं निवडणूक आयोगाला नियम करायला लावले, त्यामुळं आता आचारसंहितेत आहे की आश्वासनामागचं कारण आणि पैसा कुठून आणणार हे जाहीरनाम्यात ढोबळ तरी सांगायला पाहिजे. पाळलं नाही तर शिक्षा फारशी नाही, पण विचारायला हा आधार आहे.

सगळ्यात शेवटी नाला, कारण मी ज्यासाठी लिहायला बसलो ते हेच आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातून बळ्ळारी नाला जातो. याच मातीत बेळगावचा बासमती पिकायचा, शिजत घातला की गल्लीत वास यायचा. आता नाल्यात जलपर्णी माजलेली असते, गाळ, प्लास्टिक, शहराचं सांडपाणी, आणि जुलैत दोन दिवस जोराचा पाऊस झाला की काळं पाणी भातात शिरतं. मागच्या पावसात मी काकूंच्या दिरांच्या बांधावर उभा होतो, लावणी होऊन दहा दिवस झालेले, रोपं पाण्याखाली, वर तेलकट साय. काकांनी हात घातला, मूठभर कुजलेली रोपं वर काढली, वास घेतला आणि काही न बोलता परत टाकली. दुबार लावणी म्हणजे रोपं पुन्हा, मजूर पुन्हा, आणि दिवस निघून गेलेले.

इथं सह्या बघा किती जवळच्या आहेत. दिल्ली लागत नाही, लवाद लागत नाही, गोवा लागत नाही. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणं सांडपाणी नाल्यात सोडायला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, शहराच्या संस्थेलाही लागते आणि कारखान्यालाही. शुद्ध करायचं काम स्थानिक संस्थेचं, गाळ काढायचं काम राज्यातच ठरतं, पैसा राज्याच्या बजेटमधून. आमदार, नगरसेवक यांच्या हाताच्या अंतरावरचं काम. आणि भाषणात याला सगळ्यात कमी जागा असते. म्हादईवर अर्धा तास आणि नाल्यावर "तेही करू" एवढं एक वाक्य.

आपल्याकडं मत भाषेवर पडतं, त्याला १९५६पासूनचं दुःख आहे, ते मी नाकारत नाही, माझंही मत तसंच पडत आलंय. पण काळं पाणी मराठी शेतकऱ्याच्या भातात जातं तसंच कन्नड शेतकऱ्याच्याही जातं, आणि मराठी उमेदवारालाही नाल्याचं विचारायला काही हरकत नाही. कन्नडमधलं बिल आम्हाला वाचता यावं म्हणून मराठीतही द्या ही मागणी करतानाच, त्या बिलात काय आहे हेही त्याला माहिती पाहिजे.

काकांच्या बांधावरून आल्यावर आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज केला. कन्नडमध्ये लिहावा लागला, शेजारच्या सरांनी लिहून दिला, त्यांचंही शेत नाल्याच्या पलीकडंच आहे. दोनच गोष्टी विचारल्यात. नाल्यात सांडपाणी सोडायची संमती कुणाला, कुठल्या तारखेपर्यंत आहे. आणि गेल्या तीन वर्षांत गाळ काढायला किती रुपये मंजूर झाले आणि किती खर्च झाले. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. अर्जाची पोचपावती काकूंनी त्याच खिळ्याला बिलांच्या वर टोचून ठेवलीय, म्हणाल्या, "आता कोण मत मागायला आला की आधी हे दाखवायचं, मग चहा."